सात नंबरचं मशीन

कॉम्प्युटर बांधलेल्या चादरीची गाठ सोडता सोडता त्यांनी विचारलं, "मॅडम, यातलं काही परत मिळेल का हो?"

मी तेव्हा दुसऱ्याच एका मशीनमधली धूळ ब्लोअरने उडवत होते. नाकातोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, डोळ्यांवर चष्मा. ब्लोअर बंद केला आणि मान वर करायच्या आधीच आवाज कुणाचा ते मला कळलं. आठ वर्षं झाली होती. माणूस पिकला होता, डोक्यावरचे केस गेले होते, पण प्रत्येक वाक्याचा शेवट वर्गात सांगितल्यासारखा ओढायची सवय तशीच होती. उंबरजे सर.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं माझं काही दिसतच नव्हतं. दुकानाच्या पाटीवर अजून आधीच्या मालकाचं 'नवयुग कॉम्प्युटर' हेच नाव होतं. 'बार्शीत एक बाई आहे, गेलेलं परत आणते' एवढ्या ऐकीव माहितीवर ते चाळीस किलोमीटर एसटीने आले होते. सबंध वाट कॉम्प्युटर मांडीवर घेऊन.

पितृपंधरवडा चालू होता. त्या दिवसांत नवं मशीन कुणी घेत नाही, जुनं दुरुस्तीलासुद्धा घटस्थापनेनंतर बघू म्हणून ठेवून देतात, त्यामुळे दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी अडचण सांगितली. भाच्याने लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोल्डरवर तो शॉर्टकटचा वाकडा बाण आला. उघडायला जावं तर काहीच सापडत नाही म्हणतं. दोघा दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, फॉरमॅट मारा आणि विसरून जा. पण विसरता येत नव्हतं, कारण आत कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती. सर संपादक. चाळीस लेख, वर्षभराची मेहनत, दसऱ्याला प्रकाशन, आणि छापखान्याने दिलेली मुदत सहा दिवसांची.

"बॅकअप घेतलाय?" मी विचारलं.

"मॅडम, उभा जन्म कॉम्प्युटर शिकवण्यात गेला माझा. पहिल्या तासाला मी मुलांना हेच सांगायचो."

"म्हणजे नाही घेतला."

"नाही घेतला," ते म्हणाले.

मी पावती फाडली. फोन करते म्हटलं. ते पायरी उतरून गेले तसा मी स्कार्फ सोडला आणि ते मशीन आडवं केलं. बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने सातचा आकडा काढलेला होता. तो आकडा मीच काढला होता.

आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी हंगामी सहायक होते. माझे वडील, रामलिंग काटकर, त्याच कॉलेजात शिपाई. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही. आई मी लहान असतानाच गेली. तात्यांनी मला एकट्याने वाढवलं, पुण्याला कोर्स करायला पाठवलं, आणि प्राचार्यांच्या दाराशी सतरा खेटे घालून ती हंगामी जागा मिळवून दिली. लॅबमध्ये बावीस मशीनं. सात नंबर माझं. दारावर मी पाटी लावली होती, 'बाहेरची फ्लॉपी आधी सहायकांना दाखवा', आणि तपासल्याशिवाय मी प्राचार्यांचीसुद्धा फ्लॉपी आत जाऊ देत नव्हते. मुलं मला माघारी जकातनाका म्हणायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बावीसच्या बावीस मशीनं चालूच झाली नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी दोन वाक्यं. मुलांचे प्रोजेक्ट गेले, अंतर्गत परीक्षेचे गुण गेले. व्हायरस आधीच कधीतरी घुसून दबा धरून बसला होता आणि ठरल्या तारखेला उठला होता. प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. मी हात जोडून म्हणत होते की मला एकदा सात नंबरला बसू द्या, कुठून आलं ते मी शोधते, पण लॅबला आता माझ्यासाठी कुलूप होतं. उंबरजे सर विभागप्रमुख. त्यांनी शांतपणे सांगितलं की काटकरबाई बाहेरची लग्नपत्रिकांची कामं करतात, त्यांच्या पर्समध्ये फ्लॉपी मी स्वतः पाहिल्यात. पाहिल्या असतील. घरी मी ती कामं करत होते आणि फ्लॉपी माझ्याजवळ असायच्या. पण लॅबच्या मशीनला त्यातली एकही मी कधी लावली नव्हती.

मग तात्यांना आत बोलावलं. दसऱ्याच्या सुट्टीत लॅब कुणी उघडली होती का, असं विचारलं. तात्या म्हणाले, "न्हाई. खंडेनवमीला पूजा केली, कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. कुणी आत गेलं न्हाई." बापाचा खरेपणा माझ्या मुळावर आला. सुट्टीत कुणी गेलं नाही म्हटल्यावर उरले मी. आणि मग तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती काखेत धरली, सरांपुढे, प्राचार्यांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "पोरीचं चुकलं. पदरात घ्या."

नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटलं. जमत आलेली सोयरीक मोडली त्याचंही वाटलं. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढून हलायचे नाहीत ते तात्यांचे जोडलेले हात. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना बार्शीला घेऊन आले. गाव सुटलं, पण ते हात काही सुटले नाहीत.

आणि आता तो माणूस स्वतःच्या पायांनी माझ्या काउंटरपर्यंत आला होता.

मशीन सुरू केलं. त्या वर्षी हा व्हायरस गावोगाव होता आणि मी त्याला घरच्या मांजरासारखा ओळखत होते. तो काही खात नाही. खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाची खोटी बाहुली मांडून ठेवतो. त्याला मारला, एक आज्ञा टंकली, आणि चाळीसच्या चाळीस लेख समोर येऊन उभे राहिले. दहा मिनिटंही लागली नव्हती. मी फोन केला नाही.

त्याऐवजी लेख वाचत बसले. सव्विसावा लेख 'संगणक विभागाची वाटचाल', लेखक प्रा. शिवयोगी उंबरजे. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : '२००३ साली कु. वैजयंता काटकर या हंगामी कर्मचाऱ्याने नियम धाब्यावर बसवून खासगी कामाच्या फ्लॉपी वापरल्यामुळे प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. तरीही न खचता आम्ही राखेतून उभे राहिलो.'

नावानिशी. आठ वर्षं ते गावात तोंडी होतं, आता गुळगुळीत कागदावर छापून घरोघर जाणार होतं. मी उठून माठातलं पाणी प्यायले, परत येऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं, आणि ठरवलं की याचं उट्टं काढल्याशिवाय हे मशीन दुकानाबाहेर जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला, डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, काही सांगता येत नाही म्हटलं. ते लगोलग आले. मी त्यांना गिऱ्हाइकांच्या लोखंडी स्टुलावर बसवलं आणि आपलं काम करत राहिले. स्कार्फ काढला नाही. ते दर थोड्या वेळाने विचारत, काही दिसतंय का? मी म्हणायची, बघतेय. दुपारी मी त्यांच्यासमोर डबा उघडून जेवले. ते पाचला गेले आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत आले, तर मी त्यांना पुन्हा तसंच बसवलं. छापखान्याचा फोन आला की ते पायरीवर जाऊन हलक्या आवाजात बोलत. एकदा म्हणाले, "दसऱ्याला मंत्री येणार आहेत हो मॅडम. माझी अब्रू जाईल." मी म्हटलं, अब्रूचं काय, तीही कधी कधी परत येते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. लोक म्हणतात सूडाने समाधान मिळत नाही. त्यांनी असं स्टुलावर कुणाला बसवून बघितलेलं नसतं.

घरी तात्यांना सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा उठून उभा राहील. त्यांनी फक्त विचारलं, सरांनी तुला वळखलं का? नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग दिऊन टाक त्येंचं त्येंला. जुनं उकरू नगं, वैजे."

"मी त्यांना तुमच्यापुढे हात जोडायला लावणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही दुकानात येऊन खुर्चीवर बसायचं. बास."

"मी येणार न्हाई."

त्यांनी अर्ध्या जेवणावरच ताटात हात धुतले आणि ते उठले. मी मनात म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्याच्या घंटेवर उठलेला माणूस, याला वाकायचीच सवय. याच्या वाटणीचं ताठ आपणच उभं राहिलं पाहिजे.

चौथ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी सात नंबरचा पत्रा काढला. उगाच, जुनी ओळख म्हणून. आत धुळीचा थर होता, आणि खालच्या कप्प्यात, वायर काढून टाकलेली, एक दुसरी डिस्क स्क्रूने आवळलेली तशीच पडून होती. तिच्यावर कागदाची चिठ्ठी, माझ्या अक्षरात : ७. तेव्हा सोलापूरहून दुरुस्तीला आलेल्या माणसाने बाकीची मशीनं पुसून नव्याने भरली असणार; ही डिस्क त्याला दाद देईना म्हणून नवी जोडली आणि जुनी काढायचा कंटाळा केला. पुढे कॉलेजने जुनी मशीनं स्टाफला देऊन टाकली तेव्हा सरांनी नेमकं हे उचललं. आठ वर्षं ते माझ्या डिस्कच्या उरावर बसून टंकत होते.

मी ती डिस्क माझ्या मशीनला जोडली. तिची सुरुवातीची पानं व्हायरसने खाल्ली होती, पण आतलं बरंच शाबूत होतं. तेव्हा मला हे काढता आलं नसतं, आता येत होतं. माझ्या अँटिव्हायरसची नोंदवही सापडली. तो दर खेपेला लिहून ठेवायचा, कुठली फ्लॉपी लागली, आत काय मिळालं, बसलेल्या माणसाने कुठलं बटण दाबलं. शेवटून मागे जात जात मी एका ओळीवर थांबले. फ्लॉपीवरचा प्रोग्राम, नाव 'कुंडली'. वेळ, सकाळी अकरा चाळीस. व्हायरस सापडला, सावध केलं. दाबलेलं बटण : दुर्लक्ष करा.

तारीख बघितली आणि भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकांच्या गठ्ठ्यातून त्या वर्षाची काढली. तात्या त्या टाकू देत नाहीत. खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचं औत, तशी आमची मशीनं. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहायचं आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्या वर्षी मी आत्याबरोबर तुळजापूरला होते, दोन दिवस. लॅबची पूजा तात्यांनी केली होती. फुलं वाहिलेल्या मशीनला हात लावून, व्हायरस आहे असं सांगितलेलं असताना 'दुर्लक्ष करा' म्हणणारा कोण? मला लगेच आठवलं. त्या दसऱ्याला सरांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. त्याच माघात तिचं लग्न झालं, तोवर माझी नोकरी गेली होती, म्हणून त्या पंक्तीला वाढायला मी नव्हते इतकंच.

विभागप्रमुख होते, दुसरी किल्ली असणारच. चोरून आत गेले, आग लावली आणि काडेपेटी माझ्या पर्समध्ये टाकली. मी ती ओळ कागदावर छापून घेतली.

सर आले. मी स्कार्फ सोडला, चष्मा काढला. ते पुढे वाकून बघत म्हणाले, "वैजयंता."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मी आठ वर्षं उत्तरं घोकून ठेवली होती. ते नाही म्हणाले तर काय, ओरडले तर काय, रडले तर काय. ते फक्त म्हणाले, "ही डिस्क आतच राहिली होती होय." एवढं बोलून स्टुलावर बसले. माझी सगळी उत्तरं वाया गेली.

"तुमची स्मरणिका पहिल्याच दिवशी मिळाली होती," मी म्हटलं. "सगळी. दोन दिवस मी तुम्हाला मुद्दाम बसवलं."

"ते आत्ता कळलं मला."

"तो लेख उघडून ठेवलाय. माझ्याबद्दलचा मजकूर खोडा आणि खरं काय ते लिहा. लिहिलंत की चाळीस लेख घेऊन जा. नाहीतर मी हे तुमच्यासमोर फॉरमॅट करते."

ते उठले, सात नंबरपुढे बसले आणि दोन बोटांनी टंकू लागले. शिकवण्यात जन्म गेला तरी त्यांना दहा बोटांनी कधी आलं नाही. मी मागे उभी. रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो ओरडत गेला. ते मध्ये एकदा थांबले, मनगट चोळलं, पुन्हा लिहू लागले. मी मनात दृश्य मांडत होते, स्मरणिका हातात घेतलेले तात्या, चष्मा नाकावर ओढून वाचताहेत. मग सर बाजूला झाले आणि मी वाचलं.

'२००३ साली प्रयोगशाळेतील सर्व संगणक बंद पडले, त्यास मी जबाबदार होतो. खंडेनवमीच्या दिवशी मुलीची पत्रिका काढण्यासाठी मेहुण्याने पुण्याहून आणलेली फ्लॉपी मी सात नंबरच्या संगणकात घातली. संगणकाने दिलेल्या इशाऱ्याकडे मी दुर्लक्ष केले. प्रयोगशाळेचे कुलूप माझ्या विनंतीवरून शिपाई श्री. रामलिंग काटकर यांनी उघडून दिले. चौकशीत आम्ही दोघांनीही ही गोष्ट लपवली. कु. वैजयंता काटकर पूर्णपणे निर्दोष होत्या.'

"तात्यांना कशाला गोवताय यात?" मी म्हटलं. "दुसरी किल्ली होती तुमच्याकडे."

"नव्हती. किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या कमरेला असायची. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. करदोड्याला बांधलेली ती पितळी किल्ली मी लहानपणापासून बघत आले होते. आंघोळीलासुद्धा ते ती सोडत नसत.

सरांनी मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ते सकाळी तात्यांकडे गेले होते, पाहुणे उद्यावर आलेत, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाले. तात्यांनी आधी नको म्हटलं, आज हत्याराला हात लावत नाहीत म्हटलं. मग साहेबाला नाही कसं म्हणायचं म्हणून कुलूप काढलं, आणि सात नंबरवरचं फूल स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवलं. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सर पुन्हा त्यांच्याकडे गेले. म्हणाले, मी कबूल करायला तयार आहे, पण मग कुलूप कुणी उघडलं ते विचारतील. सुट्टीत परवानगीशिवाय लॅब उघडली म्हणून तुम्ही निलंबित व्हाल. पेन्शनला तीन वर्षं उरली आहेत.

"तात्या खूप वेळ बसून राहिले," सर म्हणाले. "मग म्हणाले, पोरीची जागा हंगामी हाय. तिला दुसरं मिळंल."

"हे त्यांचे शब्द?"

"त्यांचेच. मी 'असं नको' म्हणालो नाही. सुटलो, असं वाटलं मला. तुझ्या फ्लॉपीचं मीच पुढे काढलं, ते त्यांना आधी ठाऊक नव्हतं. माझा गुन्हा माझ्यापाशी आहे, वैजयंता. पण निवड त्यांची होती."

मी स्क्रीनकडे बोट केलं. "ते वाक्य काढा. कुलूप उघडल्याचं. आणि 'दोघांनीही' काढा."

"मग सगळंच काढतो," ते म्हणाले. "अर्धं खरं सांगून मी आठ वर्षं काढली. आता पुन्हा अर्धं नाही लिहिणार."

ते डूख धरून बोलले असते तर मी त्यांच्या नरड्याला हात घातला असता. पण ते तसं बोलले नव्हते. दमलेल्या माणसासारखे बोलले होते, आणि त्यामुळे मला त्यांचं काहीच करता येईना. माझं नाव धुऊन निघायचं तर त्याच ओळींत बापाचं बुडणार होतं. सबंध गाव वाचणार होतं की रामलिंगने पेन्शन वाचवायला पोटची पोर दिली. मी पुढे वाकले, तो परिच्छेद निवडला आणि पुसून टाकला. जुना त्यांनी आधीच खोडला होता. लेखात आता २००२ नंतर एकदम २००४ येत होतं.

स्मरणिका मी त्यांना सीडीवर दिली, वरून दुसरी प्रत काढून दिली आणि ही वेगळ्या घरात ठेवा म्हणून बजावलं. धंद्याची सवय. चादरीची गाठ बांधून ते दारात थांबले. "तात्यांना सांगशील का, मी येऊन गेलो म्हणून?"

"नाही," मी म्हटलं.

आणि नाहीच सांगितलं. त्या दिवशी घरी गेले तर त्यांनी विचारलं, गेले का सर? मी गेले म्हटलं आणि भाकरी थापायला बसले. ताट वाढताना त्यांच्या हातांकडे नजर जायची. त्या खोलीत हे हात जोडले गेले ते माझ्यासाठी नव्हते. आठ वर्षं मी ज्या हातांसाठी जळत होते ते स्वतःचं झाकत होते. विचारलं असतं तर ते रडले असते, मी बाप होतो पण गरीब होतो म्हणाले असते, आणि मला माफ करावं लागलं असतं. मला माफ करायचं नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही.

पंधरवडा संपला, घट बसले, नऊ दिवस गेले. खंडेनवमीला दुकानाची पूजा तात्यांची असायची. भल्या सकाळी ते येत, मुख्य बटण स्वतः बंद करत, प्रत्येक मशीन ओल्या फडक्याने पुसून हळदकुंकू लावत, फूल वाहत, आणि शटरला कुलूप घालून माझीही किल्ली मागून घेत आणि दोन्ही दुसऱ्या दिवसापर्यंत करदोड्याला बांधून ठेवत. मी मागितली तरी देत नसत. बाकी वर्षभर मागेल त्याला काहीही देणारा माणूस, त्या एका दिवशी पोलिसासारखा वागायचा. मी त्यांची थट्टा करायची की देव काही तुमची हजेरी घेत नाही. आता थट्टा उरली नव्हती.

त्या सकाळी मी त्यांच्या आधी घरातून निघाले. माझ्या किल्लीने शटर उघडलं, आणि दुकानात होती नव्हती ती सगळी मशीनं सुरू केली. अकरा मशीनं. पंख्यांची घरघर सुरू झाली. मी मधल्या टेबलाशी बसून एका शाळेचं मशीन तपासायला घेतलं.

तात्या आले. एका हातात झेंडूची पिशवी, दुसऱ्या हातात पूजेची थाळी. दारातच थांबले.

"मशीन चालू हाय?"

"काम आलंय."

"आज खंडेनवमी हाय, वैजे."

"त्या दिवशीही होती," मी म्हटलं.

मी मान वर केली नाही, पण थाळीतली घंटा किणकिणली ती ऐकू आली. मग ते काउंटरपाशी आले. पिशवी ठेवली, थाळी ठेवली. सदरा वर करून कमरेशी चाचपडत राहिले. गाठ लवकर सुटेना. दुकानाची त्यांच्याकडची किल्ली त्यांनी फुलांशेजारी ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. मी त्यांना हाक मारली नाही.

त्यानंतर ते चार वर्षं जगले. एका घरात राहिलो, मी दोन वेळा वेळेवर जेवायला वाढलं, औषधं चुकवली नाहीत, गावात लोक म्हणायचे पोरगी असावी तर अशी. ते पुन्हा कधी दुकानात आले नाहीत. त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत आणि मीही नाही. दुकान दर खंडेनवमीला उघडं ठेवत गेले, आजही असतं. शेजारचे म्हणतात, बाई आधुनिक विचारांची आहे.

शेवटी बार्शीतच दवाखान्यात होते. वाचा गेली होती. एका दुपारी मी खाटेशी बसले असताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात, सुई टोचलेला तोसुद्धा, हळूहळू उचलून माझ्यापुढे जोडले. मी ते धरले नाहीत. खालीही घ्या म्हटलं नाही. सलाइनची नळी ओढली जातेय म्हणून नर्स आली आणि तिनेच ते हात सोडवून चादरीवर ठेवले.